माहेर पैनगंगेपल्याड, मोबाईल नवऱ्याच्या खिशात. मग ‘किलकारी’चा कॉल ऐकणार कोण?

आदिलाबाद : बेला, जैनथ भागातल्या अनेक मराठी घरांची सोयरीक पैनगंगेपल्याड यवतमाळ जिल्ह्यात आहे. बाळंतपणाला लेक माहेरी येते. आरोग्याची नोंद मात्र सासरच्या गावी राहते.

‘किलकारी’ ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मोफत सेवा. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला रेकॉर्ड केलेला कॉल येतो. असे एकूण ७२ कॉल. महाराष्ट्रात ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली.

कॉल येतो तो नोंदवलेल्या नंबरवर. तो नंबर नवऱ्याचा असेल आणि तो कामावर असेल, तर बाईच्या कानावर काहीच पडत नाही. सिम बदललं तरी तेच. कोणत्या आठवड्यात काय सांगायचं, हे शेवटच्या पाळीच्या तारखेवरून ठरतं. तारीख चुकली, की सल्लाही भलत्याच महिन्याचा. म्हणून माहेरी जाण्याआधी आशाताई किंवा एएनएमकडून नंबर आणि तारीख तपासून घ्यावी, माता-बाल कार्ड सोबत न्यावं. बाळंतपण पल्याड झालं, तर ते सासरच्या एएनएमला कळवावं. कॉल चुकला तर नोंदवलेल्या नंबरवरून १४४२३ लावून पुन्हा ऐकता येतो.

पण रेकॉर्डिंग काही तपासणी करत नाही. रक्तस्राव, झटके, डोकं दुखून अंधारी येणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या कॉलची वाट पाहू नये. १०८ लावावा, तो दोन्ही राज्यांत चालतो.