समजून घ्या : शिवड्याची मोजणी आणि राज्यशास्त्राचा तास

सिन्नर तालुक्यातील शिवडे गावच्या शेतकऱ्यांनी 2017 मध्ये समृद्धी महामार्गासाठीच्या जमीन मोजणीला कडाडून विरोध केला. मे 2023 मध्ये शिर्डी ते भरवीर हा 80 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि तालुक्यातून गाड्या धावू लागल्या. मग गाव हरले का? राज्यशास्त्राच्या तासाला विचारावा असा हा प्रश्न. लोकशाहीची व्याख्या पाठ करून त्याचे उत्तर सापडत नाही.

सरकार जमीन घेऊ शकते. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. पण कलम 300-अ आले : कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. म्हणून नोटीस, हरकती, सुनावणी, मोबदला या पायऱ्या सत्तेलाही चढाव्या लागतात.

खरी मेख संमतीत आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार खासगी कंपनीसाठी 80 टक्के, सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट नाही. तरीही ‘समृद्धी’साठी थेट खरेदीचा मार्ग काढून वाढीव दर द्यावे लागले. गावोगावी विरोध झाला नसता, तर दिले असते?

मुलांना घरचा सातबारा आणि जुने फेरफार आणायला सांगा. जमीन कोणाकडून कोणाकडे, कशाच्या आधारे गेली, ते त्यांनाच वाचू द्या. मग एका बाकावर प्रांताधिकारी, समोर शेतकरी बसवून सुनावणी घ्या.