‘मिसिंग’ म्हणजे बेपत्ता नव्हे

एक्स्पेक्टेड, एक्सेस, अनमेट, अनवाँटेड, मिसिंग. लोकसंख्याशास्त्रातला कुठलाही इंग्रजी पेपर उघडा, यातले दोन-तीन शब्द पहिल्याच पानावर भेटतील. सगळ्यांचा अर्थ साधारण एकाच वळणाचा: काहीतरी व्हायला हवं होतं, ते झालं नाही, किंवा नको होतं, आणि झालं. मी या विषयात पीएचडी करतेय आणि वाचन इंग्रजीत, विचार अर्धा मराठीत असा कारभार आहे. त्यामुळे हे शब्द रोज अडतात. आज त्यांच्याबद्दलच लिहिते.

सुरुवात साध्या वाक्याने करू. गोवंडी स्टेशन, हार्बर लाइन. ‘द ट्रेन शुड हॅव अराइव्हड बाय नाऊ.’ हे वाक्य घरी बसलेली आई म्हणाली तर अर्थ होतो, ‘आली असेल एव्हाना.’ नुसता अंदाज. तेच वाक्य फलाटावर घाम पुसणारा माणूस म्हणाला तर अर्थ होतो, ‘एव्हाना यायला हवी होती.’ म्हणजे आलेली नाही, आणि तो वैतागलाय. इंग्रजीत शब्द तेच, अर्थ बोलणारा कुठे उभा आहे त्यावर. मराठीत मात्र ‘असेल’ आणि ‘हवी होती’ यांच्यात निवड करावीच लागते.

‘वॉज गोइंग टू’ आणि ‘वॉज सपोज्ड टू’ यांचंही तसंच. पहिल्यात स्वतःचा बेत असतो किंवा नुसती चिन्हं: ‘मी येणार होते.’ दुसऱ्यात कुणीतरी ठरवून दिलेलं असतं: ‘मी यायची होते’, ‘मी येणं अपेक्षित होतं.’ दोन्ही ऐकून आपल्याला वाटतं की ती आली नाही. पण व्याकरण तसं ठामपणे सांगत नाही. ‘येणार होती, आणि आलीसुद्धा’ असं दोन्ही भाषांत म्हणता येतं. अपेक्षाभंग ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. (जाता जाता: हाच ‘सपोज्ड’ वर्तमानकाळात आला की कधी कधी एकदम ‘म्हणे’ होतो. ‘द फिल्म इज सपोज्ड टू बी गुड’, म्हणजे पिक्चर चांगला आहे म्हणे. यात कुणीच काही ठरवलेलं नाही, नुसतं ऐकीव.)

आता आमच्या विषयाकडे. ‘एक्स्पेक्ट’ हे क्रियापद इंग्रजीत निदान तीन कामं करतं. अंदाज बांधणं, मागणी करणं, आणि ‘शी इज एक्स्पेक्टिंग’ म्हणजे दिवस गेलेत. मराठीतल्या ‘अपेक्षा’ या शब्दाला आशेचा वास आहे. आईवडिलांच्या अपेक्षा असतात, हवामान खात्याचा अंदाज असतो. म्हणून ‘एक्स्पेक्टेड डेथ्स’चं ‘अपेक्षित मृत्यू’ असं भाषांतर केलं की अंगावर काटा येतो. कुणी अपेक्षा केली होती त्या मृत्यूंची? खरा अर्थ एवढाच की आधीच्या वर्षांचा कल पाहता, कोविड आला नसता तर साधारण इतके मृत्यू झाले असते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतात २०२० आणि २०२१ मिळून सुमारे ४७ लाख ‘एक्सेस’ मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, तेव्हा केंद्र सरकारने पद्धतीवरच आक्षेप घेतला. ‘एक्सेस’ हा आकडा वजाबाकीतून येतो. त्यातली एक बाजू घडलेली, तीही आपल्याकडे बरीचशी अंदाजानेच मोजलेली, आणि दुसरी ‘झाले असते’ या रूपातली. ‘झाले असते’चा आकडा बदला, एक्सेस बदलतो.

‘मिसिंग’चं हेच, फक्त जास्त दुखणारं. अमर्त्य सेन यांनी १९९० साली जगात १० कोटींहून जास्त स्त्रिया ‘मिसिंग’ असल्याचं लिहिलं. मराठीत याचं ‘बेपत्ता स्त्रिया’ केलेलं दिसतं. पण बेपत्ता व्हायला आधी पत्ता लागतो. पोलिसांत तक्रार होते, फोटो छापून येतो. सेन यांच्या स्त्रियांतल्या काही जन्मून हेळसांडीने मेल्या, काही जन्मल्याच नाहीत. पुस्तकाचं पान ‘मिसिंग’ असतं तसा हा शब्द आहे: इथे असायला हवं होतं, नाही. मराठीत मला ‘असायला हव्या होत्या अशा स्त्रिया’ हेच सर्वांत प्रामाणिक वाटतं. लांबलचक आहे, मान्य. पण त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप येतो: किती असायला हव्या होत्या, आणि हे कुठल्या हिशोबाने? ॲन्सली कोल यांनी १९९१ मध्ये वेगळा हिशोब धरला तर आकडा ६ कोटींच्या आसपास आला. दोघांच्या मधल्या ४ कोटी स्त्रिया कुठे गेल्या, असं विचारण्यात अर्थ नाही. बदलली ती ‘हव्या होत्या’ची पट्टी.

‘अनवाँटेड’ तर सरळ घरात शिरतो. २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत देशात सुमारे २.१ कोटी ‘अनवाँटेड’ मुली असल्याचा अंदाज होता. यासाठी कुठल्या आईला ‘ही तुला नको होती का?’ असं विचारलेलं नाही. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही अशी कुटुंबं लिंगगुणोत्तरातून ओळखू येतात, त्यावरून हा आकडा काढलाय. महाराष्ट्राला मात्र हा शब्द आकड्याआधी नावाने माहीत होता. सातारा जिल्ह्यात २०११च्या ऑक्टोबरमध्ये ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशा नावांच्या २८५ मुलींचं समारंभपूर्वक नव्याने नामकरण झालं. ‘अनवाँटेड’ हे विशेषण कुणाला नको होतं ते सांगत नाही. ‘नकोशी’ही सांगत नाही, पण रोज हाक मारणारी माणसं समोरच असतात.

आता ‘अनमेट नीड’. हा शब्द इथे, आमच्या देवनारमध्ये, फार वापरात आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था इथेच आहे. मूल नको आहे किंवा इतक्यात नको आहे, तरी गर्भनिरोधक वापरत नाही, अशा स्त्रीची गरज ‘अनमेट’ धरतात. पाचव्या पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात हे प्रमाण ९.४ टक्के होतं. आता हाच आकडा ‘ऑन्ली’ लावून लिहा किंवा ‘ॲज मेनी ॲज’ लावून. ‘फक्त ९.४’ आणि ‘तब्बल ९.४’. वर्तमानपत्रांचा जीव ‘तब्बल’वर आहेच. आधीच्या पाहणीतल्या १२.९ शी तुलना केली तर ‘फक्त’ शोभतो, शून्याशी केली तर ‘तब्बल’. म्हणून प्रबंधात ‘सरप्राइझिंगली’ लिहिलं की मार्गदर्शक समासात लिहितात, कुणासाठी? सुरुवातीला राग यायचा, आता मीच ज्युनियर्सच्या मसुद्यात तोच शेरा मारते.

या पाहणीत एक प्रश्न असा असतो: एकही मूल नव्हतं त्या काळात परत जाता आलं असतं आणि नेमकी संख्या निवडता आली असती, तर किती मुलं हवी असती? मूळ इंग्रजीत हे ‘इफ यू कुड’ आणि ‘वुड’ने होतं. मराठीत ‘असतं’, ‘असती’ची माळच लागते. व्याकरणाने वाक्य अगदी बरोबर. पण जिच्या मांडीवर तिसरं मूल आहे तिने ‘दोन’ म्हणायचं म्हणजे मांडीवरच्याला वजा करायचं. मग काही जणी आकडा सांगतच नाहीत. ‘देवाने दिली तेवढी’ म्हणतात. अशा उत्तरांसाठी प्रश्नावलीत आकड्यांपासून वेगळी जागा ठेवलेली असते.