राखेतली मोजदाद

सकाळी 6

कोल्हापुरातून गाडी काढली तेव्हा नीट उजाडलं नव्हतं. आगीच्या जागेवर होईल तितक्या लवकर पोहोचायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. उशीर झाला की ढिगारा हलतो, वापरण्याजोगं काही उरलं असेल तर ते नाहीसं होतं आणि पावसाची एक सर आली तरी राखेतला अर्धा पुरावा गटारात जातो. मी विमा सर्वेक्षक आहे. 1938च्या विमा कायद्याखाली आम्हाला परवाना मिळतो. नेमणूक विमा कंपनी करते, फीही तीच देते, पण अहवाल कोणाचीही बाजू न घेता लिहायचा असतो. ज्याचं दुकान जळालं त्याला हे पटवून देणं सोपं नसतं. त्याच्या लेखी मी कंपनीचा माणूस.

गाव कर्नाटकातलं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. दावे अजून मिटायचे आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. बोली मराठी, पाट्या कन्नड, गिऱ्हाईक दोन्हीकडचं. परवा रात्री कापडपेठेतली दुकानांची एक अख्खी ओळ जळाली. बंब दोन्ही राज्यांतून आले. माणसं वाचली.

सकाळी 8

पेठेच्या तोंडाशीच ओल्या राखेचा आणि जळक्या नायलॉनचा वास येतो. शटर तापून वाकलेली, वरचे पत्रे खाली आलेले. ज्यांच्या दाव्यासाठी आलो ते कापड दुकानदार समोरच्या कट्ट्यावर बसले होते. मला पाहून उठले आणि म्हणाले, "चहा घ्या की साहेब आधी." ज्याचं सगळं गेलं तो माणूस पहिल्यांदा चहा विचारतो, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. तो चहा मी कधी नाकारत नाही.

पहिल्या तासात मी कागद मागत नाही. नुसतं ऐकतो. आग कोणी पाहिली, कुठून दिसली, धूर कसला होता, शटर कोणी उचकटलं, पाणी कुठून मारलं. दुकानदार, त्यांचे बंधू, शेजारचे भांडीवाले अण्णा, सगळे एकदमच बोलतात. त्यातून रात्रीचा क्रम हळूहळू लागत जातो.

"शॉर्ट सर्किट," हे उत्तर पेठेत तयार होतं. प्रत्येक आगीनंतर ते तयारच असतं. तांब्याच्या वायरीच्या टोकाला गोल मणी दिसला, तर तिथे ठिणगी उडाली होती आणि तेव्हा वायरीत वीज होती, एवढंच कळतं. आग तिथूनच लागली की दुसरीकडून आलेल्या आगीने वेष्टण जाळून ती ठिणगी पाडली, हे मणी सांगत नाही. भांड्यांच्या दुकानात ॲल्युमिनियमची पातेली वितळून फरशीवर पसरली होती, तांब्याचे हंडे काळे पडले तरी आकार धरून होते. म्हणजे तिथली उष्णता 660 अंशांच्या वर गेली, 1085च्या खाली राहिली. कारणाचा निवाडा विद्युत निरीक्षक करतील. दुकानदाराला मी एवढंच सांगितलं, की आग तुम्ही मुद्दाम लावली नसेल तर ती कुठल्या वायरीतून लागली यावर तुमचा दावा अडत नाही. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. दोन दिवस शेजारी त्यांनाच बोल लावत होते.

सकाळी साडेनऊ ते दुपारी 1

हे खरं काम. गमबूट, मास्क, फावडं, चाळणी, वजनकाटा, कॅमेरा. दुकानाचे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन उपसायचा.

राख मुकी असते असं लोकांना वाटतं, पण तिच्यात पुष्कळ काही शाबूत राहतं. तयार ड्रेस टांगलेले होते ती भिंत पूर्ण गेली होती. लाकडी हँगर जळाले, कापड जळालं, पण हँगरचे लोखंडी हूक खाली पडून राहिले होते. ते गोळा करून मोजले, की त्या दांडीवर किती ड्रेस होते हे समजतं. दुकानातला पोरगा माझ्याबरोबर उकिडवा बसून दहा-दहाचे ढीग लावत होता. सुरुवातीला त्याला वाटलं मी भंगार वेचतोय. कशासाठी ते सांगितलं तेव्हा तो फळीखाली हात घालून, कोपऱ्यात अडकलेला एकेक हूक शोधून आणायला लागला.

साड्यांचं वेगळं. घट्ट रचलेल्या साड्यांच्या थप्पीत हवा शिरत नाही, म्हणून आग कडा खाते आणि गाभा सोडते. बाहेरून कोळसा दिसणारी थप्पी चाकूने उघडली तर आत घड्या ओळीने मोजता येतात. एका थप्पीत मधोमध जांभळ्या रंगाचा चौकोन निघाला, काठासकट. दुकानदारांनी तो हातात घेतला. म्हणाले, "हा लॉट इचलकरंजीचा. अजून पैसे द्यायचेत त्याचे." मी वहीत लॉट लिहून घेतला. देणं बाकी आहे म्हणजे पलीकडच्या माणसाच्या खात्यात नोंद आहे. पुढे त्याचाच आधार लागणार होता.

दुपारी 1

बंधूंच्या घरी भाकरी, झुणका. जेवताना आगीबद्दल कोणी बोललं नाही.

दुपारी 2

आता कागद. दुकानातल्या वह्या गेल्या, संगणक गेला. दुकानदार हात जोडून म्हणाले, "साहेब, दाखवायला काहीच उरलं नाही." या वाक्यापाशी बरेच दावे मरतात. सर्वेक्षक 'कागदपत्रे सादर करावीत' असं पत्र धाडतो, जळालेला माणूस ती आणू शकत नाही, आणि फाईल तशीच पडून राहते. माझं ठाम मत आहे, की ज्याचं दुकान जळालं त्याने पुरावा शोधत फिरायचं नाही. पुरावा कुठे आहे ते मला ठाऊक असतं, तेव्हा तो मीच शोधला पाहिजे.

आणि तो असतो. यांचा जीएसटी क्रमांक 29ने सुरू होणारा, कर्नाटकातला. माल बहुतेक महाराष्ट्रातला, 27वाल्यांकडून घेतलेला. राज्याची हद्द ओलांडणारा 50 हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय हलत नाही. ज्या सीमेपायी या गावातली माणसं दाखल्यांसाठी आणि भाषेसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालताहेत, तिनेच या दुकानाच्या प्रत्येक मोठ्या खरेदीची नोंद आगीबाहेर ठेवली. पुतण्याच्या मोबाइलवर पोर्टल उघडलं. विवरणपत्रं निघाली, पुरवठादारांनी दाखवलेली विक्री निघाली. सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी, त्यातून विकल्या मालाची मूळ किंमत वजा. लग्नसराई तोंडावर असल्याने माल भरलेला होता. साठा 20 लाखांच्या आसपास बसला. हुकांचा आणि घड्यांचा आकडा त्याच्याशी जुळत आला.

मग पॉलिसी उघडली. विमा 8 लाखांचा. बँकेचं कर्ज 8 लाख होतं, म्हणून विमाही 8 लाखांचाच उतरवलेला. हे मी इतक्यांदा पाहिलंय की पान उलटायच्या आधीच पोटात गोळा येतो. बँकेने आपलं कर्ज सुरक्षित केलं, दुकानदाराला वाटलं आपलं दुकान सुरक्षित झालं. माल 20 लाखांचा, विमा 8 लाखांचा, म्हणजे प्रत्येक रुपयामागे 40 पैशांचाच विमा. नुकसान 10 लाख धरलं तर हातात 4 लाख. 8 लाखांचा विमा आणि 10 लाखांचं नुकसान, मग 8 तरी मिळतील, असा सगळ्यांचा समज असतो. तसं होत नाही. एप्रिल 2021पासून लहान धंद्यांसाठी आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, पण इथली तूट 60 टक्क्यांची. दुकानदारांना हे मी तोंडाने, सावकाश, कागदावर आकडे मांडून सांगितलं. पत्रातून कळण्यापेक्षा समोरासमोर कळलेलं बरं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "सांगितलं असतं कुणी तर चार पैसे जास्त भरले असते की," म्हणाले. खरं आहे. पॉलिसी विकताना हे सांगायला कोणाला पाच मिनिटंही लागली नसती.

दुपारी साडेचार

पोलिसांचा महजर चालू होता. आपल्याकडे ज्याला पंचनामा म्हणतात तो इथे महजर, आणि कन्नडमध्ये. दुकानांच्या पुढ्यात बांगड्या-रिबिनींचा गाडा लावणाऱ्या मावशी बाजूला उभ्या होत्या. काचेच्या बांगड्यांचा वितळून एक गोळा झालेला, तो त्यांनी टोपलीत ठेवला होता. विमा नाही. 26 मार्च 2021च्या रात्री पुण्याच्या कॅम्पातला फॅशन स्ट्रीट जळाला, तिथेही स्टॉलवाल्यांची हीच गत होती. माझ्याकडे मावशींसाठी कुठलाच फॉर्म नाही, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र करता येते. सरकारी मदत जाहीर झाली तर ती पंचनाम्यातल्या नावांवरून वाटली जाते. मावशींना घेऊन हवालदारांकडे गेलो, गाड्याची जागा दाखवली, नाव घालायला लावलं. कन्नड वाचता येणाऱ्या पोराकडून ते आधार कार्डाशी ताडून घेतलं. आडनावात एक अक्षर चुकलं होतं, ते तिथेच दुरुस्त झालं. हवालदारांनी कुरकुर केली नाही, उलट आणखी दोन गाडेवाल्यांना हाक मारली.

संध्याकाळी 6

भिजलेल्या कापडाचे व्यापारी एव्हाना बाहेरगावहून येऊन उभे राहिले होते. चिमूटभर भाव करून सगळं उचलायच्या तयारीत. दुकानदारांना बजावलं, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय एक थानही द्यायचं नाही. पण थप्प्या तशाच ओल्या ठेवल्या तर बुरशी धरेल, म्हणून कोरडं वेगळं, भिजकं वेगळं करून शाळेच्या व्हरांड्यात पसरायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली. विमा नसता तर मालाची जशी काळजी घेतली असती तशीच घ्यायची, हा नियम दुकानदाराच्या बाजूचाच आहे. वाचलेल्या मालाचे जितके पैसे उठतील तितकं नुकसान कमी दिसेल आणि वादही कमी होतील. ढिगारा उपसायच्या मजुरीची पावती ठेवायला सांगितली, दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत तीही मिळते.

रात्री 9

इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचा फोन लागला. आधी त्यांना वाटलं उधारी बुडवायचा डाव आहे. सगळं सांगितल्यावर म्हणाले, खातेउतारा सकाळी धाडतो, आणि पैशांची घाई नाही असं कळवा त्यांना. मी म्हटलं, ते तुम्हीच फोन करून सांगा.