एक गप्पी आणली, महिन्यात वीस झाल्या

टेंभी नाक्याकरांनो, नवरात्राच्या गर्दीतून काचेची टाकी घरी आणायचं धाडस करू नका. मी केलंय. बाकी मासे पाळायची सुरुवात सोपी आहे.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लं देतात. गप्पी तर ओळखीचीच. डासांच्या अळ्या खाते म्हणून पालिकेची माणसं डबक्यांत सोडतात ती हीच.

टाकी ४० लिटरची घ्या, पण भरल्या दिवशीच मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून मासे नसलेल्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहा. घरचे हसतील, हसू द्या. आणि स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकटीचा पाठलाग करून तिला जेरीस आणतो. साधारण ४ आठवड्यांनी पिल्लं होतात. मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीसुद्धा वितेच! आई स्वतःचीच पिल्लं गिळते. जावा मॉस या पाणवनस्पतीची दाट जुडी टाकली की बरीच वाचतात.

जास्त झाली तर शेजाऱ्यांना द्या. मासुंदा तलावात मात्र सोडू नका, गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेची, इथली नव्हे.