नातवंडांपाशीं खुंटणारा वंश

फड्या निवडुंग ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळाच. त्याचीं लाल बोंडें खाऊन जीभ रंगविण्याचा उद्योग आपल्यापैकीं पुष्कळांनीं बालपणीं केला असेल. हें झाड मूळचें अमेरिका खंडांतील. आपल्याकडे तें कुंपणाला लावतात. मेक्सिको देशांत मात्र त्याला अन्नाचा मान आहे. कोवळ्या फड्यांची भाजी होते, बोंडें बाजारांत विकलीं जातात, गुरांना चारा मिळतो. राष्ट्रध्वजावरील गरुडहि निवडुंगावरच बसलेला आहे. ह्या निवडुंगाच्या जिवावर एक करड्या रंगाचा लहानसा पतंग उठला आहे, आणि त्याला आवरण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं योजिलेली युक्ति मोठी विलक्षण आहे.

कॅक्टोब्लास्टिस नांवाचा हा पतंग दक्षिण अमेरिकेंतला. त्याची मादी सत्तर-ऐंशी अंडीं एकावर एक रचून निवडुंगाच्या काट्यासारखीच दिसणारी काडी तयार करते. अळ्या फड्यांत शिरून आंतला गर फस्त करतात. एके काळीं हाच त्यांचा गुण ठरला होता. ऑस्ट्रेलियांत बाहेरून नेलेल्या निवडुंगानें सुमारें सहा कोटि एकर जमीन व्यापली, तेव्हां १९२५ सालीं अर्जेंटिनाहून ह्या पतंगाचीं अंडीं आणविलीं. आठ-दहा वर्षांत तें काटेरी रान बहुतेक नाहींसें झालें. कृतज्ञ लोकांनीं क्वीन्सलंडमधील बूनार्गा येथें त्याच्या नांवें सभागृह बांधलें! पुढें १९५७ सालीं तो वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर नेण्यांत आला, आणि १९८९ सालीं फ्लॉरिडांत आढळला. मेक्सिको आतां दूर राहिला नव्हता. एका घरचा उपकारकर्ता दुसऱ्या घरीं वैरी ठरला.

अळी फड्याच्या पोटांत दडलेली असल्यामुळें फवारलेलें औषध तिला सहसा लागत नाहीं. इतर निरपराध कीटक मात्र मरतात. माश्यांचे नर किरणांनीं निर्बीज करून सोडण्याची रीत जुनी आहे. पतंगांचीं गुणसूत्रें फार चिवट. त्यांना पूर्ण निर्बीज करण्याइतके किरण दिले तर नर दुबळा होतो आणि मादी मिळविण्याच्या चढाओढींत मागें पडतो. म्हणून मात्रा बेताची ठेवतात. तिनें मादी पूर्ण वांझ होते, नर अर्धवट. तो रानांतल्या मादीशीं जोडा जमवितो. त्याला थोडी संतति होते, तींत नरच अधिक, आणि ती बापाहूनहि अधिक निर्बीज निघते. मुलें होतात, पण नातवंडांपाशीं वंश खुंटतो.

ह्या युक्तीचा अभ्यासालाहि उपयोग आहे. पतंग जेथें अद्याप पोंचला नाहीं तेथें त्याच्या अळ्या कोणत्या जातीचा निवडुंग खातील, कोणते पक्षी-कीटक त्यांना खातील, हें पाहावयाचें तर धडधाकट पतंग सोडणें म्हणजे घरांत चोर घेऊन चोरीची परीक्षा करणें! निर्बीज संतति सोडली तर ती मागें वंश ठेवीत नाहीं.

२००६ सालीं मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर हा पतंग सांपडला. लागण झालेले निवडुंग तोडले, सांपळे लावले, असे नर सोडले. २००९ सालीं त्याचा नायनाट झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. मुख्य भूमीवर एवढें यश आलें नाहीं. पतंग टेक्सासपर्यंत पोंचला आहे. बेटाला समुद्राचें कुंपण असतें, खंडाला तें नाहीं. म्हणून परका जीव घरीं आणण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या परसांत काय आहे तें पाहणें, हाच शहाणपणाचा पहिला उपाय होय.