खडक बघायला आलेली बाई

५.३०. नाशिकहून सिन्नरकडे निघते. गाडीत रेझिस्टिव्हिटी मीटर, चार सळया, वायरची रिळं, हातोडा. मी भूजल सल्लागार. गावात ओळख होते ती 'पाणी दाखवणाऱ्या मॅडम' अशी.

७.००. तात्यांच्या शेतावर. चार दिवसांपूर्वी पाणाड्या येऊन गेलाय. तळहातावरचा नारळ जिथं उभा राहिला, तिथं दगडांची खूण आहे. तात्यांचा प्रश्न नेहमीचाच: "किती इंची पाणी लागेल?"
"तात्या, आधी जुनी विहीर बघू."
जमिनीखालचं पाणी मलाही दिसत नाही. मला कळतो तो खडक, आणि तो विहिरीत उघडा दिसतो. ४५ फुटांत वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे जाळीदार खडक, तळाशी काळा पाषाण. मांजऱ्या जिथं पाषाणावर टेकतो, तिथं उत्तरेकडून एप्रिलातही ओल झिरपत होती.

९.००. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोघींमधला दाब मोजायचा, बाहेरच्या सळया लांब नेत जायच्या. अंतर वाढेल तशी वीज खोल जाते. तात्यांचा धाकटा मुलगा उत्साहानं सळया ठोकतोय. "आकडा उतरला! पाणी?" नाही. ओल्या मुरमाचा आकडा उतरतो, तसा गेरूच्या थराचाही उतरतो, आणि गेरू पाणी देत नाही. खालचे आकडे चढतच गेले: गच्च पाषाण.

१.००. तात्यांच्या घरी काकूंनी जेवायला धिरडी केली होती. समजावायला मला तीच सापडली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हारस थरावर थर पसरला. वाफा वर निघाल्या, म्हणून प्रत्येक थराला धिरड्यासारखी वरून जाळी पडली. मधला भाग गच्च राहिला. जाळी, भेगा, मुरूम यांतच पाणी मावतं. काकूंना लगेच पटलं. "म्हणजे खोल गेलं की जास्त पाणी, असं नाही?" बसाल्टच्या मुलखात मला हे एकच वाक्य घराघरांत पोचवायचंय. कर्ज काढून पाचशे फूट गेलेले आणि नुसता फुफाटा बघून परतलेले किती जण भेटलेत! ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर २००९च्या भूजल कायद्यानं बंधनं आहेत, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं.

३.००. सल्ला: खोल बोअर घेऊ नका. विहिरीतला गाळ काढा, ओल दिसते त्या थरात उत्तरेकडे आडवे बोअर मारा, वरच्या नाल्यातला बंधारा दुरुस्त करा. धाकट्याचा चेहरा पडला. "म्हणजे पॉइंट नाहीच? मग पैसे कशाचे?" मी रागावले नाही. वाचलेला पैसा हातात दिसत नाही, आणि तोच तर मी देऊन जाते.

८.३०. तात्यांचा फोन. "मॅडम, मला पटलंय. पण धाकट्यानं बोअरच्या गाडीला उद्या दुपारचं सांगितलंय. सकाळी येता का?"
येते म्हटलं. विहिरीची आकृती पुन्हा काढायला घेतली, या वेळी मोठ्या कागदावर, थरांना रंग देऊन.