जुना आर्केड बोर्ड: आधी मोजा, मग बदला

जपानच्या नामको कंपनीचा पॅक-मॅन १९८० साली आला. अमेरिकेत तो मिडवे कंपनीने बनवला आणि विकला. त्या पिढीच्या गेम बोर्डांनी आता चाळिशी ओलांडली आहे. त्यांतले अनेक बोर्ड ‘डेड’ असा शिक्का बसून कपाटात पडून राहतात किंवा भंगारात जातात. वास्तविक या बोर्डांवरचा बराचसा भाग ७४ मालिकेतल्या साध्या लॉजिक आयसींचा असतो. तशा आयसी आजही मिळतात; मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतही मिळतात. गाजलेल्या अनेक गेमचे सर्किट डायग्रॅमही उपलब्ध आहेत. म्हणजे सुटे भागही आहेत आणि माहितीही आहे. बोर्ड वाया जातात ते बहुतेक वेळा ठाम पण चुकीच्या समजुतींमुळे. अशाच काही समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज: स्क्रीनवर नुसता कचरा दिसतोय, म्हणजे बोर्ड संपला.

वस्तुस्थिती: स्थिर कचरा दिसणं ही उलट चांगली खूण आहे. बोर्डाचं घड्याळ चालू आहे आणि चित्र तयार करणारा भाग जिवंत आहे, एवढं त्यातून कळतं. पॅक-मॅनच्या बोर्डावर १८.४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. त्याला सहाने भागून झेड८० प्रोसेसरला ३.०७२ मेगाहर्ट्झचं घड्याळ मिळतं. चित्राच्या ओळी मोजणारे काउंटर याच क्रिस्टलवर चालतात आणि प्रोसेसर बंद पडला तरी ते चालूच राहतात. म्हणून प्रोसेसर काहीच करत नसला, तरी रॅममध्ये जे पडलं असेल ते स्क्रीनवर उमटतं.

आता झेड८०च्या २६ नंबरच्या पिनवर लॉजिक प्रोब टेकवा. ही रीसेटची पिन. ती एकसारखी खाली-वर होत असेल, तर वॉचडॉग बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट करतोय. पॅक-मॅनमध्ये वॉचडॉग स्क्रीनच्या फ्रेम मोजतो. १६ फ्रेममध्ये, म्हणजे साधारण पाव सेकंदात, प्रोग्रॅमने आपली हजेरी लावली नाही, तर तो रीसेट मारतो. अशा वेळी दोष वॉचडॉगचा नसतो. प्रोग्रॅम कुठेतरी अडकतोय आणि कारण रॅम, रॉम किंवा त्यांच्यामधल्या एखाद्या आयसीत शोधायचं असतं.

चित्र नीट पाहिलं तर पत्ता आणखी जवळचा मिळतो. अक्षरं चुकीची पण रंग जागच्या जागी असतील, तर संशय अक्षरांच्या रॅमवर घ्यायचा. आकार बरोबर आणि रंग भलतेच असतील, तर रंगांच्या रॅमवर. चक्रव्यूह अगदी स्वच्छ, पण भुतं आणि खुद्द पॅक-मॅन फाटलेले दिसत असतील, तर मिडवेच्या बोर्डावर ५एफ या जागेचा रॉम आधी पाहायचा, कारण हलणाऱ्या चित्रांचे आकार त्यात असतात.

एक कचरा मात्र हार्डवेअरचा नव्हेच. २५६ व्या पातळीवर पॅक-मॅनची उजवी अर्धी स्क्रीन विस्कटते. पातळीचा आकडा आठ बिटांत साठवलेला असल्यामुळे फळं काढताना हिशेब शून्यावर घसरतो आणि प्रोग्रॅम नको तिथे चित्रं काढत सुटतो. धडधाकट बोर्डावरही हेच होतं.

गैरसमज: सप्लाय ५ व्होल्ट दाखवतोय, म्हणजे विजेची बाजू ठीक आहे.

वस्तुस्थिती: सप्लायच्या टर्मिनलवर मोजलेले व्होल्ट आयसीपर्यंत पोहोचतातच असं नाही. ७४ मालिकेच्या आयसींना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. कनेक्टरच्या पट्ट्यांवर काजळी धरली असेल किंवा पिना ढिल्या झाल्या असतील, तर वाटेतच अर्धा व्होल्ट सहज गळतो. मग गेम कधी चालतो, कधी अडकतो आणि दोष प्रोसेसरवर जातो. म्हणून मल्टिमीटरची टोकं थेट आयसीच्या पिनांवर ठेवा. झेड८०वर ११ नंबरला ५ व्होल्ट आणि २९ नंबरला ग्राउंड असतो. व्होल्ट कमी भरले की सप्लायचा स्क्रू फिरवून ते वाढवणं हा उपाय नव्हे. आधी पट्ट्या साफ करायच्या, ढिला कनेक्टर बदलायचा आणि मग पुन्हा मोजायचं.

शिवाय प्रत्येक बोर्डाची मागणी वेगळी असते. मिडवेच्या पॅक-मॅन बोर्डाला ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे ७ व्होल्ट एसी जातो आणि त्याचा ५ व्होल्ट डीसी बोर्डावरच तयार होतो. हा सगळा करंट कनेक्टरमधून जात असल्याने तिथल्या पट्ट्या जळून काळ्या पडलेल्या आढळतात. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये इंटेलचा ८०८० प्रोसेसर आहे. त्याला +५, +१२ आणि -५ असे तिन्ही व्होल्ट लागतात. -५ गायब असताना बाकीचे दोन मिळाले, तर ती चिप कायमची जाऊ शकते.

गैरसमज: सगळे कपॅसिटर बदलले की बोर्ड सुरू होतो.

वस्तुस्थिती: हा सल्ला मॉनिटरच्या बाबतीत बराच लागू पडतो, कारण तिथे उष्णतेने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. नव्वदीच्या आसपासच्या काही बोर्डांवरचे छोटे सरफेस-माउंट कपॅसिटर गळून ट्रॅक खातात, ते बदलायलाच हवेत. ऐंशीच्या सुरुवातीच्या लॉजिक बोर्डांवर मात्र खरे गुन्हेगार बहुधा वेगळे असतात: रॅम, ७४ मालिकेच्या आयसी, सॉकेट आणि कनेक्टर. गरज नसताना केलेला प्रत्येक सोल्डर हा चाळीस वर्षांच्या ट्रॅकला दिलेला नवा धोका असतो.

गैरसमज: हाताला गरम लागते ती आयसी खराब.

वस्तुस्थिती: काही आयसी तब्येत ठणठणीत असतानाही गरम असतात, तर मेलेली आयसी थंडगार असू शकते. तापमानावरून फक्त संशय घ्यायचा, निकाल प्रोबवर. टीटीएल आयसीच्या पिनवर ०.८ व्होल्टच्या खाली ‘लो’ आणि २ व्होल्टच्या वर ‘हाय’ धरतात. आउटपुट या दोन्हींच्या मधेच लोंबकळत असेल, किंवा इनपुट हलत असताना आउटपुट हलायला हवं तिथे ते ढिम्म असेल, तर ती आयसी पकडायची.

खराब वाटणाऱ्या आयसीच्या पाठीवर तसलीच चांगली आयसी दाबून धरण्याची युक्ती कारागिरांच्या हातातली आहे. आतून आउटपुट तुटलेलं असेल तर ती उपयोगी पडते. आउटपुट ५ व्होल्टला किंवा ग्राउंडला चिकटलेलं असेल, तर वरच्या आयसीचं काहीच चालत नाही. म्हणजे युक्ती फसली म्हणून खालची आयसी निर्दोष ठरत नाही.

आयसी काढायची ठरली, की ती वाचवायचा मोह टाळा. आधी बारीक कटरने तिचे पाय अंगाजवळ कापा. मग एकेक पाय सोल्डरिंग आयर्नने गरम करून चिमट्याने अलगद उचला आणि शेवटी भोकं सोल्डर पंपाने साफ करा. अख्खी आयसी ओढून काढली, तर तिच्यासोबत पॅड आणि ट्रॅकही उखडतात. त्या जागी सॉकेट बसवा. पुढच्या वेळी बोर्डाला आयर्न लावावं लागणार नाही.

गैरसमज: इतक्या वर्षांत रॉममधला प्रोग्रॅम पुसला गेला असणार.

वस्तुस्थिती: ईप्रॉम अधूनमधून खराब होतात, पण वय झालं म्हणून सरसकट नाही. बऱ्याचदा त्यांच्या पायांवर किंवा सॉकेटमध्ये गंज धरलेला असतो. पाय साफ करून चिप प्रोग्रॅमरमध्ये वाचा आणि तिचा चेकसम मेमच्या यादीशी ताडून पाहा. मेम हा १९९७ पासूनचा एम्युलेटर प्रकल्प. हजारो गेमच्या रॉमचे चेकसम त्यात नोंदलेले आहेत. जुळला तर रॉम निर्दोष. एक पथ्य मात्र पाळा. चिपच्या काचेवरचा स्टिकर काढू नका. ईप्रॉम अतिनील किरणांनी पुसला जातो आणि उघडी काच थेट उन्हात राहिली, तर आठवडाभरातही त्यातला प्रोग्रॅम जाऊ शकतो.

गैरसमज: बॅटरी संपली की तो गेम कायमचा गेला.

वस्तुस्थिती: ही भीती मुख्यतः १९९३ पासूनच्या कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डांमुळे पसरली. त्यात प्रोग्रॅम कूटबद्ध असतो आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असते. बॅटरी गेली की किल्ली जाते आणि गेम सुरू होत नाही. पण रॉममधला प्रोग्रॅम जसाच्या तसा असतो. २००७ मध्ये हे कूट उलगडलं आणि आता गेलेली किल्ली बोर्डात परत भरता येते. अशा बोर्डाला बंद समजून फेकू नका.

गैरसमज: कनेक्टर बसला, म्हणजे जोडणी बरोबर.

वस्तुस्थिती: जामा हे जोडणीचं मानक १९८५ मध्ये आलं. त्यात ५६ पिना, दोन्ही बाजूंना २८. त्याआधी जवळपास प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती. जामामध्येही ७ नंबरच्या जागी किल्लीची खाच ठेवलेली असते, पण त्या खाचेत बसणारी खीळ नसलेला कनेक्टर उलटा बसू शकतो. तसं झालं की १२ व्होल्ट बटणांच्या पिनवर जातात आणि इनपुटच्या आयसी जळतात. वीज देण्याआधी +५ आणि ग्राउंड कुठे आहेत, ते मीटरवर पाहणं हाच विमा.

गैरसमज: सगळं ५ व्होल्टवर चालतं, त्यात धोका कसला?

वस्तुस्थिती: बोर्ड टेबलावर असेपर्यंत हे खरं. कॅबिनेटमधल्या रंगीत मॉनिटरच्या ॲनोडवर मात्र २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो टिकून राहू शकतो. तिथे अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय हात घालू नका. बोर्ड बाहेर काढून वेगळ्या सप्लायवर तपासा.

गैरसमज: एम्युलेटर आहे, मग मूळ बोर्ड कशाला जपायचा?

वस्तुस्थिती: एम्युलेटर बनतो तो मूळ बोर्ड वाचून. रॉम त्यावरूनच उतरवले जातात आणि खास चिपांचं वागणंही त्यावरच मोजलं जातं. एम्युलेटरमध्ये आवाज किंवा गती खरी आहे की नाही, हे ठरवायला चालू बोर्डच साक्षीला लागतो. म्हणून दुरुस्ती करताना प्रत्येक पायरी लिहून ठेवा: कोणत्या पिनवर काय मोजलं, कोणती आयसी बदलली, त्यानंतर स्क्रीनवर काय फरक पडला. त्या नोंदीमुळे तसलाच दोष असलेला पुढचा बोर्ड दुसऱ्या कुणाच्या टेबलावर लवकर उभा राहील.